लग्नाचे फोटो: कॅमेरावाला मित्र की पैसे देऊन फोटोग्राफर?

आमच्या घरात तीन वर्षांच्या अंतराने दोन लग्नं झाली. ताईच्या लग्नात फोटो भाऊजींच्या मित्राने काढले, हौशी पण हात चांगला, कॅमेरा आणि लेन्स दोन्ही भारीतले, आणि एक पैसा घेतला नाही. माझ्या लग्नात आम्ही पैसे देऊन फोटोग्राफर ठेवली. त्यामुळे दोन्ही बाजू घरातच बघून झाल्यात. हा माझा अनुभव, तुमच्याकडे वेगळंही होऊ शकतं.

आधी मित्राच्या बाजूने, कारण ती बाजू लोक समजतात तेवढी लंगडी नाही. त्याला माणसं माहिती असतात. कोण कोणाचं काय लागतं, कोणाचं कोणाशी जमतं, कोण परदेशातून फक्त दोन दिवसांसाठी आलंय हे त्याला सांगावं लागत नाही. ताईच्या लग्नातला आमच्या सगळ्यांचा आवडता फोटो आतल्या खोलीतला आहे, ताई आणि मावशी काहीतरी आठवून पोट धरून हसतायत, बाकी कोणाचं लक्षच नाही. तिथे बाहेरचा माणूस असता तर मावशी सावरून बसली असती, तसा फोटो आलाच नसता. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये तसा फोटो नाही आणि ते मला मान्य आहे.

उजेड असेपर्यंत फोटोंच्या क्वालिटीत मला फार फरक वाटला नाही. सकाळचे, मोकळ्यावरचे फोटो तर चांगल्या फोननेही छान येतात. खरा फरक हॉलमध्ये पडतो. एक भिंत पिवळ्या दिव्यांची, स्टेजवर जांभळे लाइट, मागून खिडकीचा पांढरा उजेड, आणि माणसं सारखी हलतायत. फोनचा नाइट मोड पाठोपाठ बऱ्याच फ्रेम घेऊन त्या जोडतो, त्यामुळे समोरचा स्थिर असेल तरच ते नीट जमतं, आणि लग्नात स्थिर कोण असतं? मित्राकडे मोठ्या सेन्सरचा (म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपचा) कॅमेरा होता, पण आवाज नको म्हणून त्याने सायलेंट शटर, म्हणजे बिनआवाजाचा मोड, लावून ठेवलं होतं. झालं काय की स्टेजवरच्या बऱ्याच फोटोंत आडव्या काळपट पट्ट्या आल्या. साधे एलईडी दिवे विजेच्या दुप्पट वेगाने उजळतात आणि मंदावतात, म्हणजे ५० हर्ट्झची वीज असेल तर सेकंदाला १०० वेळा. डोळ्याला ते कळत नाही, पण सायलेंट शटरमध्ये बहुतेक कॅमेरे सेन्सर एकेक ओळ करत वाचतात, त्यामुळे काही ओळी उजेडाच्या आणि काही अंधाराच्या निघतात. नंतर एडिटिंगमध्ये हे काढणं महाकठीण. साधं मेकॅनिकल शटर, म्हणजे खरा पडदा हलून आवाज करणारं, ठेवून वेग १/१०० सेकंद केला असता तरी बरंचसं वाचलं असतं. त्या मुलाला हे माहीत नव्हतं असं नाही, पण कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर पट्ट्या दिसल्या नाहीत आणि थांबून झूम करून बघायला त्याला वेळच मिळाला नाही, कारण मधेच कोणीतरी हाक मारायचं, कोणी जेवायला ओढायचं, तो पाहुणाही होता ना.

तरी पट्ट्यांमुळे माझं मत बदललं नाही. चार फोटो खराब झाले तर झाले.

माझं मत बदललं नंतरच्या वाट बघण्यामुळे. लग्न झालं, पहिल्या आठवड्यात त्याने पंधरा-वीस फोटो पाठवले, सगळे खूश. मग म्हणाला, बाकीचे निवांत एडिट करून देतो. महिना गेला, दुसरा गेला. त्याची नोकरी, मधे त्याच्या घरी आजारपण, कारणं सगळी खरी होती. आणि मुख्य अडचण अशी की विचारायचं कोणी आणि कसं? ताई म्हणायची, त्याने फुकट केलंय, मी कुठल्या तोंडाने मागू. भाऊजी म्हणायचे, मी दोनदा बोललो, आता तिसऱ्यांदा बोललो तर त्याला वाईट वाटेल. आमचे आजोबा दर रविवारी फोन करायचे आणि शेवटी न चुकता विचारायचे, फोटो आले का गं? ताई दर रविवारी सांगायची, येतील आजोबा. सातव्या-आठव्या महिन्यात आजोबांनी विचारणंच बंद केलं. ताईला ते फार लागलं. शेवटी अकराव्या महिन्यात एका हार्डडिस्कवर अडीच हजारांच्या वर फोटो आले, न निवडलेले, जसेच्या तसे, सोबत सॉरी म्हणून एक लांबलचक मेसेज. त्या मुलाच्या मनावर पण त्याचं ओझं होतं हे त्या मेसेजमध्ये स्पष्ट दिसत होतं. आज तो आणि भाऊजी बोलतात, पण पूर्वीसारखं नाही, आणि दोघांपैकी चूक कोणाचीच नाही.

मधल्या काळात आम्ही पाहुण्यांच्या फोनमधले फोटो गोळा करायला गेलो. व्हॉट्सॲपवरून साधे पाठवलेले फोटो छोटे होऊन येतात हे सगळ्यांना माहितीये, पण त्यातली फोटो काढल्याची वेळही निघून जाते हे तेव्हा कळलं, त्यामुळे सगळा क्रमच हरवला. डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर मूळ फाइल येते, पण हे साठ माणसांना समजावून सांगायचं कोणी?

म्हणून माझ्या वेळी मी घरात आधीच सांगितलं की फोटो ज्याच्याकडे हक्काने मागता येतील त्यालाच काम द्यायचं. ज्या फोटोग्राफर आम्ही ठेवल्या त्यांनी सुरुवातीलाच लेखी दिलं, सहा आठवड्यांत निवडून एडिट केलेले फोटो, आणि पाचव्या आठवड्यात दिले. मी एकदाही फोन केला नाही. लग्नाच्या आठवडाभर आधी त्या हॉल बघून गेल्या, तेही ज्या वेळी लग्न लागणार त्याच वेळी, दिवे लावायला लावून. कॅमेऱ्यात दोन मेमरी कार्डं, प्रत्येक फोटो दोन्हीवर एकदमच जातो. मला आधी ही चैन वाटायची, पण २०१८ मध्ये निकॉनचे झेड ६, झेड ७ आणि कॅननचा ईओएस आर हे कॅमेरे एकाच कार्डाच्या जागेचे आले तेव्हा लग्नाचे फोटो काढणारे फोटोग्राफर का कुरकुरले ते आता पटतं. कार्ड बिघडलं तर लग्न परत थोडंच करणार.

आता त्यांच्या बाजूच्या कटकटी, कारण त्याही आहेत. ग्रुप फोटोंना पाऊण तास गेला आणि त्या वेळात आम्ही पाहुण्यांशी बोलूच शकलो नाही. दोनदा चालत येण्याचा सीन परत करायला लावला, बायकोला ते अजिबात आवडलं नाही. रंग त्यांच्या स्टाइलचे, थोडे फिकट, मला जरा गडद चालले असते. आणि माझ्या दोन काकांचा एकही धड फोटो नाही, कारण मी नावांची यादी दिली त्यात त्यांना धरलंच नव्हतं. अनोळखी माणसाला यादी लागते, ती नीट बसून करा.

मधला पर्याय म्हणजे स्वस्तातलं पॅकेज. तो मी स्वतः घेतला नाही त्यामुळे जपून बोलतो, पण ओळखीत दोन ठिकाणी असं झालं की बोलणी एकाशी झाली आणि प्रत्यक्ष दुसराच मुलगा कॅमेरा घेऊन आला. तेव्हा येणार कोण हे नावासकट लिहून घ्या. आणि निवडक चाळीस फोटो बघून ठरवू नका, ते सगळ्यांचेच छान असतात. एका लग्नाचे सुरुवातीपासून शेवटपर्यंतचे दिलेले सगळे फोटो मागा, तेही संध्याकाळच्या, हॉलमधल्या लग्नाचे. दाखवायला टाळाटाळ केली तर मी तरी पुढे गेलो नसतो.

पंचवीस-तीस माणसांचं, दिवसा उजेडी लग्न असेल तर मी कदाचित मित्रालाच सांगेन. फक्त त्याच रात्री कार्डं लॅपटॉपवर कॉपी करून घेईन आणि एडिटिंगचं काम त्याच्या गळ्यात न घालता बाहेर पैसे देऊन करून घेईन. ताईच्या वेळी एवढं जरी केलं असतं तरी ते अकरा महिने वाचले असते.

बाकी लग्नांसाठी माझा कल चांगल्या फोटोग्राफरकडे आहे, आणि बजेट बसत नसेल तर माणूस बदलण्याऐवजी काम कमी करा असं सुचवेन. आम्ही ड्रोन वगळला, लग्नाआधीचं शूट वगळलं, महागडा अल्बम वगळला, दहा तासांचे सहा केले. व्हिडिओ पण वगळला, त्याची मात्र अजून हुरहूर आहे, कारण आजोबा त्या दिवशी माइक घेऊन जे दोन मिनिटं बोलले ते कोणाकडेच रेकॉर्ड नाही. फोटो आहे, माइक हातात धरलेला, मागे मी आणि बायको. त्याची प्रिंट सातव्या आठवड्यात आजोबांच्या हातात दिली.