तीन देशांची कौटुंबिक सहल: विमानाने की जमिनीवरून?

आग्नेय आशियात एकाच सुट्टीत तीन देश करायचे, माणसं पाच, त्यात दोन मुलं आणि सत्तरीला टेकलेली आई, आणि खर्च आवाक्यात ठेवायचा. असा बेत आखायला बसलं की शेवटी दोनच मार्ग उरतात. स्वस्त विमान कंपन्यांची सुटीसुटी तिकिटं जोडत जायचं, हा पहिला. आमच्या बाबतीत तो बँकॉक, मध्य व्हिएतनाम आणि बाली असा झाला. दुसरा म्हणजे सिंगापूरला उतरायचं, मलेशियातून बस आणि रेल्वेने वर सरकत थायलंड गाठायचं आणि परतीचं विमान बँकॉकहून धरायचं. आम्ही दोन्ही केले. आधी विमानांचा, दीड वर्षाने जमिनीवरचा. दिवस दोन्ही वेळा पंधराच.

आधी विमानांच्या सहलीच्या बाजूने बोलतो, कारण तिच्यावर अन्याय व्हायला नको. निव्वळ ठिकाणं बघायची तर ती सरस आहे. मध्य व्हिएतनाममधलं होई आनचं जुनं गाव, संध्याकाळी नदीकाठी लागणारे रेशमी कंदील, बालीतली पायऱ्यापायऱ्यांची भातशेती, या तोडीचं काही सिंगापूर ते बँकॉकच्या वाटेवर सापडेलच असं मी म्हणणार नाही. शिवाय पाऊस. आम्ही जूनमध्ये गेलो होतो. बाली विषुववृत्ताच्या खाली असल्यामुळे तेव्हा तिथे कोरडे दिवस असतात, आणि मध्य व्हिएतनामही ऊन सोसलं तर छान असतो. (तिथला खरा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला, तेव्हा होई आनच्या गल्ल्यांत पाणी शिरतं.) विमानाने जायचं असलं की ज्या महिन्यात जिथे हवा चांगली, ते देश निवडता येतात. ही मोकळीक मोठी आहे.

खर्चाचं म्हणाल, तर तिकिटांची बेरीज करून मी खूश झालो होतो. पण तिकीट हा खर्चाचा एक तुकडा. व्हिएतनामचा एका प्रवेशाचा ई-व्हिसा 25 डॉलर. बालीला उतरल्यावर मिळणाऱ्या व्हिसाचे 5,00,000 इंडोनेशियन रुपिया, आणि 2024 पासून परदेशी पाहुण्यांना पर्यटन शुल्काचे आणखी 1,50,000. म्हणजे माणशी साडेसहा लाख रुपिया, पाच जणांचे साडेबत्तीस लाख, आणि अजून विमानतळाच्या बाहेर पाऊल पडलेलं नाही. मुलांना यात सूट नाही. स्वस्त विमानांतही दोन वर्षांपुढच्या मुलाचं तिकीट सहसा मोठ्यांइतकंच पडतं. एकट्यादुकट्याला हे आकडे जाणवत नाहीत, पाचने गुणलं की जाणवतात.

तरीही खर्चामुळे माझं मत फिरलं नाही. ते फिरलं सामानाच्या काट्यामुळे.

या कंपन्यांत हातातल्या सामानाला बहुतेक ठिकाणी माणशी 7 किलोची मर्यादा असते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आम्हालाही होतं. घरून निघताना पाचही बॅगा साडेसहाच्या आत बसवल्या होत्या. वीस किलोची एक मोठी बॅग पैसे भरून आधीच घेऊन ठेवा, असं अनुभवी माणसं सांगतात ते बरोबरच आहे. आम्ही तीही घेतली होती, प्रत्येक टप्प्याची वेगळी. जे कोणी सांगितलं नव्हतं ते असं, की उष्ण कटिबंधात बॅगेचं वजन रोज बदलतं, कारण कपडे वाळत नाहीत.

व्हिएतनाममधल्या शेवटच्या संध्याकाळी मुलं आन बांगच्या किनाऱ्यावर पोहली. रात्री पोहण्याचे कपडे आणि टॉवेल गॅलरीत टाकले. पहाटे पाचला हात लावला तर जसेच्या तसे ओले, पिळले तर पाणी गळेल असे. प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंबून निघालो. काउंटरवर त्यांनी एकेक बॅग काट्यावर ठेवली. थोरल्याची 8.2, बायकोची 7.9, मोठी बॅग आधीच वीसला टेकलेली. मागे रांग. मग आम्ही बाजूला होऊन फरशीवर बॅगा उघडल्या. आईने खाली बसून स्वतःच्या औषधांचा डबा काढला आणि ओले टॉवेल आपल्या पिशवीत घेतले. धाकटीने एकावर एक दोन फ्रॉक चढवले. थोरल्याने दानांगजवळच्या संगमरवरी डोंगरांच्या पायथ्याशी, जिथे दगड कोरणाऱ्यांची दुकानं आहेत, तिथे एक लहानसा हत्ती घेतला होता. जेमतेम मुठीएवढा, पण शेवटी दगडच. तो त्याने न सांगता बॅगेतून काढला, पँटच्या खिशात घातला आणि वर हात दाबून धरला. शेवटी एका बॅगेचे जादा पैसे भरलेच, आणि काउंटरवरचा दर आधी घेतलेल्या दरापेक्षा बराच चढा होता.

पैसे गेले त्याचं दुःख त्याच दिवशी विसरलो. पण पुढचे सहा दिवस बालीत मी प्रत्येक वस्तूकडे वजनाच्या नजरेने बघत होतो. धाकटीने किनाऱ्यावर शिंपले वेचले की माझ्या पोटात गोळा. बायकोला एक लाकडी ताट आवडलं, तिनेच ते परत ठेवलं. निघायच्या आदल्या दिवशी मुलांना पोहायला पाठवू की नको, याचा मी खरोखर विचार केला. समुद्राकाठी जाऊन मुलांना पाण्यापासून अडवायचं, ही कसली सुट्टी?

दुसऱ्या सहलीचा आराखडा मी त्याच रागात आखला, हे मान्य करतो. तेव्हा माझं मत थोडं झुकलेलं आहे असं धरूनच पुढचं वाचा.

जमिनीवरच्या मार्गाची पहिली अडचण सिंगापूर हीच आहे. पाच जणांना एका खोलीत राहू देणारं हॉटेल तिथे मिळणं कठीण आणि दोन खोल्या घ्यायच्या तर पुढच्या आठवड्याचं बजेट तिथेच संपतं. आम्ही दोनच रात्री राहिलो. बोटॅनिक गार्डन्स फुकट, गार्डन्स बाय द बेचा बाहेरचा भाग आणि रात्रीचा दिव्यांचा खेळ फुकट, जेवण हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छताखालच्या स्वस्त खाण्याच्या गाळ्यांवर. तिसरी रात्र काढली असती तर पस्तावलो असतो असं वाटतं.

दुसरी अडचण सीमेची. सिंगापूर आणि मलेशियातलं जोहोर बाहरू यांच्यामध्ये 1924 पासूनचा कॉजवे, म्हणजे समुद्रात भराव घालून केलेला रस्ता आहे, लांबी जेमतेम एक किलोमीटर, पण बसने जाताना सगळं सामान घेऊन दोनदा उतरावं लागतं: एकदा सिंगापूरच्या बाजूच्या वुडलँड्सला, एकदा पलीकडे. शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवार-रविवार टाळा, इतकंच सांगतो. पाच मिनिटांची रेल्वे शटल आहे आणि तिच्यासाठी दोन्ही देशांचे शिक्के वुडलँड्सलाच होतात, पण तिची तिकिटं लवकर संपतात. आम्हाला मिळाली नाहीत.

त्यानंतर मात्र प्रवास सैल झाला. मलाका, क्वालालंपूर, मग ईटीएस या वेगवान विजेच्या रेल्वेने बटरवर्थ. तिथे स्टेशनाला लागूनच फेरीचा धक्का आहे, पाण्यातून वीस मिनिटांत पेनांग. पेनांगच्या जॉर्ज टाउन शहरात आम्ही चार रात्री राहिलो, खरं तर तीन ठरल्या होत्या. एक रात्र वाढवताना कुठलं तिकीट बुडालं नाही, कारण पुढची गाडी अजून काढलीच नव्हती. विमानांच्या सहलीत हे शक्यच नव्हतं. तिथे पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं तर सुट्या तिकिटांची जबाबदारी कोणी घेत नाही, त्यामुळे प्रत्येक तारीख दगडावरची रेघ.

पेनांगहून पुन्हा बटरवर्थ आणि कोम्युटर गाडीने सुमारे दोन तासांत पादांग बेसार. या स्टेशनाबद्दल मला विशेष प्रेम आहे. मलेशियाची आणि थायलंडची, दोन्ही इमिग्रेशन एकाच इमारतीत. एका खिडकीवर निघाल्याचा शिक्का, थोडं पुढे चालून दुसऱ्या खिडकीवर आल्याचा. आईने मनगटावरचं घड्याळ काढून एक तास मागे घेतलं आणि मुलांना दाखवलं. देश बदलतो म्हणजे काय, हे धाकटीला तिथे कळलं. विमानात ते कळत नाही. बॅगा आमच्याच हातात होत्या आणि वजन कोणी विचारलं नाही.

तिथून संध्याकाळची रात्रगाडी बँकॉकला जाते, दुसऱ्या दिवशी सकाळी पोचते. कर्मचारी येऊन बर्थ उलगडतो, स्वच्छ चादर घालतो, पडदा ओढून देतो. एका रात्रीचं हॉटेल वाचतं ते वेगळंच. आम्ही मध्ये उतरून क्राबीला चार दिवस काढले आणि पुढचा टप्पा रात्रीच्या गाडीने केला. ओले कपडे बर्थच्या कडेला लटकवले होते. सकाळपर्यंत डब्यातल्या एसीने ते खडखडीत वाळले.

पावसाबाबत थोडं सावध राहायला हवं. पश्चिमेचा, म्हणजे क्राबी, लंकावीकडचा किनारा मे ते ऑक्टोबर ओला. पण हा भूभाग इतका चिंचोळा आहे की तेव्हा पूर्वेकडे वळता येतं: सूरत थानीला उतरून को समुई, किंवा मलेशियातच पेर्हेन्तियन बेटं. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत उलट, पूर्वेकडचा किनारा ओला. 2010 आणि 2025 च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिण थायलंडमधलं हाट याई शहर पुराच्या पाण्यात गेलं होतं आणि ही रेल्वे तिथूनच जाते, त्यामुळे त्या महिन्यात मी तरी जाणार नाही. थायलंडच्या अगदी दक्षिणेकडच्या पट्टानी, याला, नराथिवात या प्रांतांबद्दल अनेक सरकारं सावधगिरीची सूचना देतात. ती निघण्याआधी वाचून घ्या. आम्ही गेलो ते फेब्रुवारीत, चिनी नववर्ष उलटल्यावर. त्या सणात मलेशियातल्या गाड्या तुडुंब असतात.

तुमच्याकडे आठ-नऊच दिवस असतील, किंवा कोणाच्या मनात बालीच असेल, तर विमानानेच जा. उगाच रेल्वेचा हट्ट धरू नका. मात्र मग तीनऐवजी दोन देश करा आणि शेवटचा मुक्काम समुद्राकाठी ठेवू नका. दोन आठवडे असतील आणि सोबत लहान-थोर असतील, तर मला वाटतं जमिनीवरचा रस्ता बघावा. आमच्या विमानांच्या सहलीतला मुलांच्या लक्षात राहिलेला सर्वांत चांगला दिवससुद्धा ह्युए ते दानांगच्या रेल्वेतला आहे, जिथे हाय व्हान घाटात गाडी समुद्राला चिकटून वळते.

ठरलंच, तर दोन कामं आधी करा. सिंगापूर, मलेशिया, थायलंड तिन्ही देशांचे ऑनलाइन आगमन अर्ज पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे असतात, पाच जणांचे मिळून पंधरा. सगळ्यांचे पासपोर्ट नंबर एका कागदावर लिहून ठेवा, म्हणजे दर वेळी पाऊच उघडावा लागत नाही. आणि रात्रगाडीत खालचे बर्थ आधी संपतात. वरचे अरुंद असतात, मुलांना ते चालतात, आईला नाही. पादांग बेसारहून निघणारे डबे मोजकेच असतात. तिथून खालचा बर्थ मिळाला नाही तर हाट याईपर्यंत शटलने जाऊन तिथल्या गाड्यांत बघा, आम्हाला आईसाठी तशाच एका गाडीत मिळाला.