मोजदाद आणि ओळख : किशोरवयीनांमधील ख्रिस्ती सेवेत स्वयंसेविका म्हणून तीन वर्षे

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, बाहेर असलेल्या, किंवा केवळ नावापुरत्या मंडळीत असलेल्या, किशोरवयीन मुलामुलींमध्ये काम करणाऱ्या एका ख्रिस्ती संस्थेत मी गेली तीन वर्षे स्वयंसेविका आहे. काही मंडळ्यांनी मिळून चालवलेली ही संस्था आहे. पुढे तिच्यावर टीकाही करायची असल्याने तिचे नाव देत नाही. आणि या स्वरूपाच्या संस्थांची घडण इतकी सारखी असते की एकीविषयी लिहिलेले दुसरीलाही बरेचसे लागू पडावे. अशा सेवेत येऊ पाहणाऱ्याला अर्ज भरण्यापूर्वी जे कळलेले बरे, तेवढे येथे लिहिते.

अर्जाने जवळजवळ दोन महिने घेतले. विश्वासाविषयीची प्रश्नावली, पाळकांचे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंचे, एक शिफारसपत्र, नात्यात नसलेल्या व्यक्तीचे दुसरे, पोलिस पडताळणी आणि शेवटी तासभराची मुलाखत, असा तो सगळा क्रम होता. फुकट काम करायला आलेल्या माणसाची इतकी चौकशी कशासाठी, असे तेव्हा मनात आले होते, हे कबूल करते. आज मात्र या संस्थेचा पहिला गुण विचारला तर मी याच चौकशीकडे बोट दाखवीन. ज्या संस्थेत पहिल्याच आठवड्यात तुमच्या हाती मुले सोपवली जातात, तेथे तुमच्याआधी कोणाच्या हाती ती सोपवली गेली असतील, हा प्रश्न स्वतःला अवश्य विचारावा.

त्यानंतर चार संध्याकाळी प्रशिक्षण झाले. बंद दाराआड कोणत्याही मुलाबरोबर एकटे बसायचे नाही, प्रत्येक गटाला दोन प्रौढ हवेत, फोनवरचे संदेश दुसऱ्या प्रौढाला दिसतील अशा गटातच पाठवायचे, रात्री ठरावीक वेळेनंतर उत्तर द्यायचे नाही, हे नियम अपेक्षितच होते. अपेक्षित नव्हता तो शेवटच्या संध्याकाळचा सराव. प्रशिक्षिकेने आम्हाला जोड्याजोड्यांनी समोरासमोर बसवले. एकाने विचारायचे, “कोणाला सांगणार नाही ना?” आणि दुसऱ्याने म्हणायचे, “ते वचन मला देता येणार नाही. पण ज्यांना सांगणे भाग आहे त्यांच्याशिवाय कोणालाही सांगणार नाही, आणि सांगण्यापूर्वी तुला कल्पना देईन.” हे वाक्य आम्ही दहा-बारा वेळा मोठ्याने म्हटले. सुरुवातीला हसू येत होते, नंतर येईनासे झाले. संपूर्ण प्रशिक्षणातले हे एक वाक्य पुढे माझ्या उपयोगी पडले, आणि तेही पाठ होते म्हणूनच. कारण तो प्रश्न खरोखर समोर येतो तेव्हा विचार करायला सवड नसते, आणि तोंडून आपोआप निघते ते “नाही सांगणार” हेच.

या सेवेचे दिसणारे रूप म्हणजे आठवड्याची सभा. दीड तासात खेळ, एखादी नाटुकली, गीते, दहा-पंधरा मिनिटांचे वचन, म्हणजे बायबलमधील उताऱ्यावरचे प्रवचन, आणि मग लहान गटांत चर्चा. सभा चांगली होते, खेळ चालवणाऱ्यांना त्यांचे काम येते, आणि वक्ता लांबला तर मुले तोंडावर तसे दाखवतात. याहून अधिक तिच्याविषयी लिहिण्यासारखे नाही, कारण मूळ काम सभेत होतच नाही. ते सभेच्या आधीच्या अर्ध्या तासात, नंतरच्या आवराआवरीत, आणि मधल्या आठवड्यात मुले जेथे असतात तेथे जाऊन उभे राहण्यात होते. एखादीचा सामना असेल तर मैदानाच्या कडेला उभे राहायचे, गायनाचा कार्यक्रम असेल तर मागच्या रांगेत बसायचे, नाव लक्षात ठेवायचे, मागच्या वेळी ती परीक्षेविषयी काय म्हणाली होती तेही लक्षात ठेवायचे, आणि वचन सांगण्याची घाई करायची नाही. अम्माऊस गावाच्या वाटेवर येशू दोन शिष्यांबरोबर आधी चालू लागला आणि तुम्ही कशाविषयी बोलत आहात हे त्याने आधी विचारले, हा लूकच्या शुभवर्तमानातल्या (बायबलमधील येशूच्या चार चरित्रांपैकी एकातल्या) चोविसाव्या अध्यायातला क्रम आमचे संयोजक वारंवार दाखवून देतात. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातही प्रेषित पौल सुवार्तेबरोबर स्वतःचा जीव देण्याची भाषा करतो. कागदावर ही भूमिका मला पूर्णपणे मान्य आहे.

या भूमिकेला इतिहास आहे, आणि तो थोडा सांगितल्याशिवाय माझी तक्रार नीट कळणार नाही. जोसाया स्पायर्स यांनी १८६७ मध्ये लंडनमध्ये मुलांसाठी सभा सुरू केल्या आणि त्यातून पुढे स्क्रिप्चर युनियन ही ख्रिस्ती संस्था उभी राहिली. पुढच्याच वर्षी वेल्समधल्या लँडुड्नो येथे समुद्रकिनारी त्यांनी ‘देव प्रीती आहे’ हे शब्द वाळूत रेखले आणि तेथे खेळणाऱ्या मुलांकडून ते सजवून घेतले. मुले जेथे होती तेथे ते गेले. मुलांना कोठे बोलावले नाही. १९४१ मध्ये टेक्सासमध्ये यंग लाइफ या किशोरवयीनांमध्ये काम करणाऱ्या ख्रिस्ती संस्थेची स्थापना करणारे जिम रेबर्न हे धर्मशास्त्राचे विद्यार्थी असताना, मंडळीत आपणहून येणारी मुले नव्हेत तर न येणारी शाळकरी मुले हे त्यांचे कार्यक्षेत्र, असे त्यांना एका पाळकांनी सांगितले होते. ओळख आधी आणि उपदेश नंतर ही रीत या परंपरेने रूढ केली. त्याच दशकात दुसरी एक परंपरा जोरात होती. ती मोठ्या मेळाव्यांची. यूथ फॉर ख्राइस्ट ही संघटना शनिवार-संध्याकाळच्या अशाच मेळाव्यांतून घडली, पुढे सुवार्तिक म्हणून जगप्रसिद्ध झालेले बिली ग्रॅहॅम हे तिचे पहिले पूर्णवेळ सेवक होते, आणि १९४५ च्या मे महिन्यात शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावर भरलेल्या तिच्या मेळाव्याला साठ हजारांहून अधिक लोक जमले होते. मेळाव्याचे यश मोजता येते. किती आले, ख्रिस्ताचा स्वीकार करण्याची हाक ऐकून किती जण पुढे आले, याचे आकडे त्याच रात्री हाती असतात.

आमच्या संस्थेत या दोन्ही परंपरा एकाच घरात नांदतात. बोलणे पहिलीचे, हिशेब दुसरीचा. दर आठवड्याला गटप्रमुखाला एक अहवाल भरून द्यावा लागतो, आणि त्यात तीन रकाने आहेत : उपस्थिती, प्रथमच आलेले, आणि निर्णय. निर्णय म्हणजे ख्रिस्ताचा स्वीकार करण्याचा निर्णय. चौथा रकाना नाही.

आमच्या गटात पहिल्या वर्षी एक मुलगी होती. वय चौदा. सभेला वीस मिनिटे आधी यायची, चर्चेत एक अक्षर बोलायची नाही, आणि सगळे पांगले की खुर्च्या एकात एक रचायला मागे थांबायची. मला वाटायचे हिला घरी जायला उशीर करायचा आहे, आणि ते खरेच होते. सुमारे पाच महिने आम्ही दोघींनी मिळून खुर्च्या रचल्या. सभागृहाचे दार उघडे आणि माझी सहकारी गीतांच्या वह्या गोळा करीत पलीकडे, असा आमचा शिरस्ता होता. मार्काचे शुभवर्तमान आम्ही घेतले होते. चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, सोळाच अध्यायांचे, म्हणून किशोरवयीनांबरोबर वाचायला सोयीचे. चौथ्या अध्यायातल्या वादळाचा भाग झाला त्या दिवशी, हातातली खुर्ची खाली न ठेवताच ती म्हणाली, “ताई, इतक्या वादळात त्यांना झोप कशी लागली?” तारवाच्या मागच्या भागात येशू उशी घेऊन निजला होता, हा उशीचा तपशील फक्त मार्क देतो, आणि तिने नेमका तोच हेरला होता. विश्वासाविषयी मी तयार केलेले उत्तर माझ्या वहीत होते. सुदैवाने मी ते दिले नाही. “तुला काय वाटते?” एवढेच विचारले. ती म्हणाली की आमच्या घरी आवाज चढले की कोणी झोपत नाही. मग थोडे थांबून, “कोणाला सांगणार नाही ना?”

पाठ केलेले ते वाक्य मी म्हटले. तिने आणखी तीन खुर्च्या रचल्या. आता ही काहीही सांगणार नाही असे मी धरून चालले होते, आणि मग तिने सांगितले. काय सांगितले ते येथे लिहिण्याचा मला अधिकार नाही. त्याच रात्री मी बालसुरक्षेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला फोन केला, दुसऱ्या दिवशी सकाळी लेखी टिपण मागवले गेले, आणि पुढची कार्यवाही ज्यांना त्याचे ज्ञान आहे अशांनी केली. संस्थेच्या या बाजूविषयी माझी काडीचीही तक्रार नाही. कोणी घाबरले नाही, कोणी प्रकरण दाबले नाही, मला परस्पर चौकशी करू दिली नाही, आणि ते योग्यच होते.

तक्रार आहे ती त्या आठवड्याच्या अहवालाविषयी. पाच महिन्यांनंतर त्या मुलीने तोंड उघडले, त्या संध्याकाळची नोंद अशी झाली : उपस्थिती अकरा, प्रथमच आलेले शून्य, निर्णय शून्य. महिन्याच्या बैठकीत आमचा गट ‘थंड’ ठरला आणि मला खेळ बदलून पाहण्याची सूचना मिळाली. सूचना करणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्याच्यासमोर तीनच आकडे होते.

याच मोजणीचे मोठे रूप शिबिरात दिसते. शिबिर हा या सेवेचा कळस मानला जातो, आणि त्यातले पहिले तीन दिवस मला मनापासून आवडतात. फोन बाजूला पडतात, मुले धावतात, भिजतात, भांडतात, आणि जी सभेत भिंतीला टेकून बसते तीच दोरीवर चढताना सर्वांत पुढे असते. शेवटच्या रात्री दिवे मंद होतात, साक्ष दिली जाते, म्हणजे कोणी आपल्या विश्वासाचा अनुभव सांगते, गीत हळू होते आणि निर्णयाची कार्डे वाटली जातात. चार दिवसांची अपुरी झोप झालेल्या पंधरा वर्षांच्या मुलीने त्या क्षणी कार्डावर केलेली खूण खोटी असते असे मी म्हणणार नाही. माझ्या स्वतःच्या विश्वासाची सुरुवातही अशाच एका रात्री झाली होती. परंतु शेजारच्या मैत्रिणीने खूण केली म्हणून खूण करणारीही तेथे असते, आणि दोघींमधला फरक कार्डावर उमटत नाही. तो पुढच्या आठवड्यांत कळतो. दुसऱ्या वर्षी माझ्या सात मुलींची यादी कार्यालयातून माझ्याकडे यायला पाच आठवडे लागले. तोवर शाळा सुरू झालेली, दोघींनी येणे थांबवलेले, आणि एकीचा दूरध्वनी क्रमांक चुकीचा उतरवलेला. शिबिराच्या वृत्तांतात मात्र निर्णयांचा एकूण आकडा पहिल्याच आठवड्यात छापला गेला होता.

आणखी एक गोष्ट, पालकांच्या संमतिपत्राची. पहिल्या वर्षीच्या पत्रकात साहस, मैत्री, व्यक्तिमत्त्व असे शब्द वर मोठ्या अक्षरांत होते आणि शिबिरात ख्रिस्ती शिकवण दिली जाते ही ओळ खाली बारीक अक्षरांत. आमच्याकडे इतर धर्मांच्या आणि कोणताच धर्म न मानणाऱ्या घरांतलीही मुले येतात, आणि त्यांच्या आईवडिलांना ही ओळ सर्वांत आधी दिसली पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील चौदावे कलम मुलाचे विचार, विवेक आणि धर्म यांचे स्वातंत्र्य मान्य करते आणि त्याला दिशा देण्याचा पालकांचा अधिकारही त्याच कलमात मान्य करते. पण कलमाकडे जाण्याचीही गरज नाही. ज्या सुवार्तेची आपल्याला लाज वाटत नाही ती बारीक अक्षरांत का छापावी? मी हे बैठकीत बोलले, थोडी कुरकुर झाली, आणि पुढच्या वर्षी ओळ वर आली. आलेल्या मुलांची संख्या त्यामुळे घटली नाही, हेही नोंदवते.

वेळेविषयी अर्जात ‘आठवड्याला दोन तास’ असे लिहिलेले आहे. प्रत्यक्षात सहा ते सात तास जातात, आणि शिबिराच्या महिन्यात त्याची गणतीच नसते. सुटी घेता येते हे मला दुसऱ्या वर्षाअखेर कळले, तेही दुसऱ्या एका स्वयंसेवकाने घेतली म्हणून. ज्यांना मुलांमध्ये लोकप्रिय व्हायचे आहे त्यांनी येऊ नये. ही हौस मुले फार लवकर ओळखतात आणि तिचा पुरेपूर फायदा घेतात. तरुणांची भाषा येत नाही म्हणून कचरणाऱ्यांनी मात्र जरूर यावे. आमच्या चमूतल्या सर्वांत वयस्कर कार्यकर्त्याला त्यांचा एकही विनोद कळत नाही, आणि सर्वांत लांब रांग त्यांच्याच भोवती असते, कारण ते घड्याळाकडे पाहत नाहीत.

तारे द्यायचेच तर पाचपैकी साडेतीन देईन. बालसुरक्षेची शिस्त आणि प्रशिक्षण यांना पूर्ण गुण, सभेला बरे, शिबिरानंतरच्या पाठपुराव्याला जवळजवळ काही नाही. मुलाखतीला जाल तेव्हा दोन गोष्टी तुम्हीही विचारा : शिबिरानंतरच्या दोन महिन्यांत मुलांना नेमके कोण भेटते, आणि साप्ताहिक अहवालात काय काय लिहावे लागते. उत्तर द्यायला किती वेळ लागतो तेही पाहावे.

चौथ्या वर्षासाठी मी नाव दिले आहे. या वेळी शिबिराला येणार नाही, शिबिरानंतरचे आठ आठवडे मात्र पूर्ण माझ्याकडे द्या, असे मी संयोजकांना कळवले. त्यांनी आनंदाने होकार दिला आणि कामवाटपाचा तक्ता उघडला. त्यात शिबिरापूर्वीची तयारी होती, शिबिराचे पाचही दिवस होते आणि त्यानंतर थेट पुढच्या सत्राची पहिली सभा होती. मधल्या आठवड्यांना रकानाच नव्हता. माझे नाव त्यांनी समासात पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.