टेकडीवरचे शेत कलावंतांसाठी: विखुरलेल्या कुटी की एकच कोठार?

टेकडीवरच्या जुन्या शेतावर लेखक-चित्रकारांसाठी निवासी केंद्र काढण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांनी अमेरिकेतील दोन उदाहरणे शेजारीशेजारी ठेवून पाहावीत.

न्यू हॅम्पशायरमधील पीटरबरो येथे मॅरियन मॅकडॉवेल यांनी १८९६ मध्ये हिलक्रेस्ट हे शेत विकत घेतले. त्यांचे पती, संगीतकार एडवर्ड, यांना रानातल्या लाकडी खोलीत निवांत काम करता येई. तशीच सोय इतरांना व्हावी म्हणून १९०७ मध्ये केंद्र सुरू झाले. आज तेथील सुमारे ३० स्टुडिओ झाडीत एकमेकांच्या दृष्टीआड आहेत. दुपारचे जेवण टोपलीतून दाराशी ठेवले जाते, दार मात्र कोणी वाजवत नाही. राहून गेलेला कलावंत भिंतीवरच्या लाकडी फळीवर आपले नाव लिहून जातो. पण हा एकांत स्वस्त नाही. प्रत्येक कुटीचे छप्पर, वाट, वीज, हिवाळ्यातली ऊब यांचा खर्च वेगळा, आणि ती टोपली रोज पोहोचवणारा माणूसही पगारावर ठेवावा लागतो. मॅरियनबाईंनी पैसा उभा करण्यासाठी वर्षानुवर्षे पियानोवादनाचे दौरे केले. १९३८ च्या चक्रीवादळाने रान झोडपल्यावर पुन्हा मदत मागण्याची वेळ आली.

न्यूयॉर्क राज्यातील ऑस्टरलिट्झ येथील स्टीपलटॉप हे कवयित्री एडना सेंट व्हिन्सेंट मिले यांनी १९२५ मध्ये घेतलेले ब्लूबेरीचे शेत. त्यांची बहीण नॉर्मा यांनी १९७३ मध्ये तेथे केंद्र काढले ते कोठारात, आणि हे कोठारही सीअर्स कंपनीच्या कॅटलॉगमधून सुट्या भागांत मागवून उभारलेले! कवयित्रीचे घर त्यांनी स्मृती म्हणून जपले. एका वेळी मोजकेच कलावंत राहत असल्याने व्यवस्था आटोपशीर राहते. मात्र एका छपराखाली शिल्पकाराची ठोकाठोक शेजारच्या कवीला ऐकू येणार, हे गृहीत धरावे.

माझ्या मते, पदरचा पैसा मर्यादित असेल तर स्टीपलटॉपचा मार्ग धरावा: मूळ घराला हात न लावता गोठा किंवा कोठार आधी वापरात आणावे, आणि आवाजाची कामे करणाऱ्यांसाठी तेवढी एक कुटी दूर बांधावी. सह्याद्रीत तर चार महिन्यांच्या पावसात दहा छपरांची गळती काढण्यापेक्षा एकाच छपराची काढणे परवडते. शिवाय जमीन शेतीची असेल, तर ती अकृषिक (शेतीखेरीज इतर) कामासाठी वापरण्याच्या सध्याच्या नियमांची चौकशी आराखडा काढण्यापूर्वीच तहसील कार्यालयात करावी.