वाचनालयाची दिवाळी अंक योजना: लिहिणाऱ्याच्या खिशाला परवडणारी

अंबाजोगाईच्या ज्या सार्वजनिक वाचनालयाची मी सभासद आहे, तेथील दिवाळी अंक योजनेविषयी हे लिहीत आहे. अशी योजना बहुतेक जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या वाचनालयांत थोड्याफार फरकाने चालते, त्यामुळे एका संस्थेचे नाव घेऊन तिचेच गुणदोष सांगण्यापेक्षा ही सोय कशी आहे आणि तिचा कोणाला कितपत उपयोग होतो, हे सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. मी कथा लिहिते, आजवर एकही कथा छापून आलेली नाही, आणि महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत असल्यामुळे हाती येणारे मानधन बेताचे असून तेही महिनोन्महिने रखडते. अशा स्थितीत लेखनासाठी वर्षाकाठी बाजूला काढता येणारी रक्कम फार थोडी असते. ती सर्वांत आधी या योजनेवर खर्च करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

योजनेचा व्यवहार साधा आहे. नेहमीच्या मासिक वर्गणीखेरीज चारशे रुपये भरले की दिवाळीपासून मार्चअखेरपर्यंत वाचनालयात येणारे सर्व दिवाळी अंक एकेक करून घरी नेता येतात. एक अंक चार दिवस ठेवता येतो आणि त्यानंतर दिवसाला दोन रुपये दंड बसतो. आमच्याकडे साठच्या आसपास अंक येतात. जाडजूड, मजकुराने भरलेला अंक आता तीनशे रुपयांच्या खाली क्वचितच मिळतो, म्हणजे एका-दीड अंकाच्या किमतीत हंगामभराचे वाचन होते. सभासद नसलेल्यांना यात पाचशे रुपये अनामत धरावी लागेल, पण ती परत मिळते.

स्वस्त वाचन हा मात्र या योजनेचा दुय्यम लाभ झाला. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचे मुख्य बिऱ्हाड दिवाळी अंकातच राहिले आहे. नवी कथा कोण लिहीत आहे, कशी लिहीत आहे आणि कोणता संपादक ती स्वीकारत आहे, हे सगळे दर वर्षी याच चार-पाच महिन्यांत एकत्र पाहायला मिळते. पुस्तकातली कथा वाचून कथेची जाण वाढते, हे खरेच आहे. पण 'मौज' आणि 'दीपावली', 'हंस' आणि 'अक्षर' असे अंक पाठोपाठ वाचल्यावर प्रत्येक अंकाची स्वतःची आवड असते, ही गोष्ट जशी उमगते तशी ती कोणी सांगून उमगत नाही. एका अंकात सगळ्या कथा चार हजार शब्दांच्या आत असतात, तर दुसऱ्यात दीर्घकथेला पंचवीस-तीस पाने दिलेली असतात. एखाद्या अंकात ग्रामीण कथा येते, परंतु तिच्यातली बोली पश्चिम महाराष्ट्राची असते; आपल्या बीड-परभणीकडची बोली कोणी छापली आहे का, हे मी मुद्दाम शोधत असते, आणि ती सापडली की त्या संपादकाचे नाव आधी टिपून घेते.

या टिपणांसाठी मी पाठकोऱ्या कागदांची वही वापरते. विद्यार्थ्यांच्या जुन्या चाचण्यांचे एका बाजूने कोरे राहिलेले कागद दाभणाने शिवले की दोनशे पानांची वही फुकटात होते. तिच्यात प्रत्येक अंकासाठी एक पान असते: अंकाचे नाव, संपादक, साहित्य पाठवण्याचा पत्ता किंवा ई-मेल, कथांची साधारण लांबी, नवी नावे किती, आणि मला आवडलेल्या कथेचा पहिला परिच्छेद हाताने उतरवलेला. या शेवटच्या कामाला वेळ लागतो, पण दुसऱ्याचे वाक्य आपल्या हाताने लिहिताना त्याची घडण जितकी जवळून दिसते तितकी ती डोळ्यांनी वाचून दिसत नाही. याच अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांनी पासोडीवर, म्हणजे लांबलचक जाड कापडावर, आपला 'पंचीकरण' हा वेदान्तावरचा ग्रंथ लिहिला, आणि त्यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागत असे, अशी आख्यायिका येथे अजून सांगितली जाते. लेखनाची साधने साधी असावीत आणि लेखन रोज व्हावे, हे समजून घ्यायला आमच्या गावाला दूर जावे लागत नाही.

आता उणिवा सांगते. अंक बहुतांशी पुण्या-मुंबईचे असल्यामुळे आमच्याकडे उशिरा पोचतात. लक्ष्मीपूजनाला टेबलावर जेमतेम पंधरा-वीस अंक असतात आणि खरा भरणा कार्तिकी एकादशी उलटल्यावर होतो. चार दिवसांची मुदत जाड अंकाला अपुरी पडते, आणि मागणी असलेल्या अंकाच्या बाबतीत तीही पूर्ण मिळत नाही. "मॅडम, हा सोमवारी नक्की आणा, पाच जणांनी नंबर लावलाय," असे ग्रंथपाल सर सांगतात, आणि त्यांचे म्हणणे रास्त असते. अंकांच्या निवडीत राशिभविष्य आणि पाककृती यांचे अंक जास्त, वाङ्मयीन अंक कमी, असा तोल आहे. वाचकांची मागणी पाहून समिती निवड करते हे मान्य केले, तरी लहान गावांतून निघणारे, मोजक्या प्रतींचे पण कसदार अंक यादीत अजिबात नसावेत, हे मला खटकते.

अंकाची शारीरिक अवस्था हा स्वतंत्र विषय आहे. अंक टिकावा म्हणून त्याला खाकी पुठ्ठा घालून दोऱ्याने असा घट्ट शिवतात की आतल्या बाजूच्या ओळींची शेवटची दोन-तीन अक्षरे शिवणीत जातात. डाव्या पानावरचे प्रत्येक वाक्य वाचताना अंक दोन्ही हातांनी दाबून धरावा लागतो. शब्दकोडे कोणीतरी पेनने सोडवलेले असते आणि राशिभविष्याची पाने फेब्रुवारीपर्यंत जागेवर राहत नाहीत. यावर उपाय अवघड नाही. शिवण काठाच्या आणखी जवळ घेतली तरी पुरे, आणि तसे मी सूचनावहीत लिहिलेही आहे.

बसून वाचण्याची सोय कमी आहे. वाचनकक्षातल्या बहुतेक खुर्च्या पोलीस भरतीची आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी सकाळी आठपासून धरलेल्या असतात. त्यांना तेथून उठवावे असे मी कधीही म्हणणार नाही, कारण त्यांच्याही घरी जागा नाही आणि त्यांचीही चिकाटी मी रोज पाहते. पण अंक घरी नेता येत नसता, तर या योजनेचा मला काहीच उपयोग झाला नसता.

तुलनेसाठी दुसऱ्या एका सेवेचा उल्लेख करणे आवश्यक वाटते. लिहिणाऱ्या माणसाला आज फोनवर 'तुमचे पुस्तक आम्ही काढतो' असे सांगणारे प्रकाशक सहज भेटतात. मलाही एकाने कथासंग्रहासाठी पस्तीस हजार रुपये मागितले होते. तीनशे प्रती, आयएसबीएन क्रमांक आणि प्रकाशन समारंभात शाल-श्रीफळ असे त्याचे स्वरूप होते. कथा वाचून पाहण्याची तयारी मात्र त्यात कुठेच नव्हती. ज्याला न वाचताच छापायचे आहे, त्याच्याकडून लेखकाला आपल्या लेखनाविषयी काहीही कळत नाही. त्यापेक्षा संपादकाकडून 'साभार परत' आलेली कथा मला मोलाची वाटते, कारण ती कोणीतरी वाचलेली असते, आणि क्वचित तिच्यासोबत 'शेवट घाईत झाला आहे' अशी एक ओळ येते. पहिले पुस्तक काढण्यासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिच्यासाठी साधारण जानेवारीत हस्तलिखिते मागवली जातात, आणि ती जाहिरात वाचनालयातल्या वर्तमानपत्रांतच पाहायला मिळते. पदरचे पैसे घालून पुस्तक काढण्याआधी तेथे हस्तलिखित पाठवावे, असे मी माझ्यासारख्या प्रत्येकाला आग्रहाने सांगेन.

खर्चाचा आणखी एक भाग टंकलेखनाचा असतो. डीटीपीवाले पानाला तीस-चाळीस रुपये घेतात आणि चार-पाच हजार शब्दांच्या कथेला पाचशे रुपये सहज लागतात. मोबाईलवर युनिकोडमध्ये स्वतः टंकलेखन केले तर तो खर्च शून्यावर येतो, आणि बहुतेक संपादक आता ई-मेलने आलेली युनिकोड प्रत स्वीकारतात. जे अजून पोस्टाने प्रत मागतात, त्यांच्यासाठी स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट सोबत जोडावे लागते. वाचलेल्या पैशांतून तेवढे सहज निघते.

ही योजना घ्यायची असेल तर नोंदणी दसऱ्याच्या आसपास करावी, म्हणजे पहिल्या आलेल्या अंकांत नंबर लागतो. गावात एकाहून अधिक वाचनालये असतील तर त्यांचा वर्ग विचारावा: १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार वाचनालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते, अनुदान त्याप्रमाणे मिळते आणि अंकांची संख्याही बहुधा त्यावर ठरते. टिपणे फेब्रुवारीपर्यंत पुरी करावीत, कारण पुढच्या दिवाळीसाठी कथा जुलै-ऑगस्टपर्यंत संपादकांकडे पोचलेली असावी लागते आणि ती लिहायला मधले चार महिने लागतातच. हंगाम संपल्यावर जूनमध्ये आमचे वाचनालय जुने अंक दहा-दहा रुपयांना विकायला काढते. ज्या अंकांना कथा पाठवायची आहे, ते तेवढे तेव्हा विकत घ्यावेत.