एकाच वाद्यावर गज आणि थाप : डबल बासच्या तारांचा नऊ महिन्यांचा अनुभव

शनिवारी रात्री चोर्ला घाट उतरून गोव्यात एका छोट्या जॅझ आणि रॉकाबिली (सुरुवातीच्या रॉक अँड रोलचा एक प्रकार) चमूत मी डबल बास, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातले उभे धरायचे सर्वांत मोठे वाद्य, थापेने, म्हणजे स्लॅप पद्धतीने वाजवतो आणि रविवारी सकाळी बेळगावच्या कॅम्पातील चर्चमध्ये गायनवृंदाच्या साथीला तेच वाद्य गजाने वाजवतो. टिळकवाडीतील माझ्या घरात दोन बास ठेवण्याइतकी जागा नाही आणि पैशाचे गणितही तेच सांगते, त्यामुळे दोन्ही कामांना पुरणाऱ्या तारा शोधण्यावाचून गत्यंतर नव्हते. या जानेवारीत पिरास्ट्रो या जर्मन कंपनीचा एव्हा पिराझ्झी हा संच, त्यातील कमी ताणाचा ‘वाइश’ प्रकार, मी चढवला. कडक थंडी, एप्रिल-मेचा उन्हाळा आणि आपल्याकडचा संततधार पावसाळा असे तिन्ही ऋतू या तारांनी पाहिले असल्यामुळे आता त्यांच्याविषयी लिहायला हरकत नाही.

गज आणि थाप यांच्या गरजा मुळातच परस्परविरोधी आहेत. गज तारेला धरतो, सोडतो आणि लगेच पुन्हा धरतो; सर्वांत खालच्या सुराच्या मोकळ्या ई तारेवर हे सेकंदाला सुमारे 41 वेळा घडते. म्हणून तारेचा गाभा लवचिक हवा, पृष्ठभाग राळ (गजाच्या केसांना लावायचा चिकट पदार्थ) धरून ठेवणारा हवा आणि तार पट्टीपासून, म्हणजे जिच्यावर बोटांनी तार दाबतात त्या लाकडी फळीपासून, इतकी उंच हवी की गजाचा दाब वाढला तरी ती लाकडाला घासणार नाही. थापेत मात्र तार बोटांनी वर ओढून सोडायची असते, ती पट्टीवर आपटून कडाडली पाहिजे आणि पाठोपाठ तळहात पडला पाहिजे. त्यासाठी ताण कमी आणि तार बोटाला भरीव लागेल इतकी जाड असलेली बरी. तंबोरा लावणाऱ्याला जवारीचा जो झंकार मुद्दाम काढावा लागतो, त्याच जातीचा आवाज गजाने वाजवताना आला की कानाला दोष वाटतो. थापेत तो थोडा आला तरी कोणी तक्रार करत नाही.

वाद्य विकत घेतले तेव्हा त्यावर मध्यम ताणाच्या पोलादी तारा होत्या. अशा संचात चारही तारांचा मिळून ताण 100 किलोच्या वर जातो. व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इन्फेल्डच्या स्पिरोकोर तारा जगभरच्या जॅझ वादकांना प्रिय आहेत त्या बोटाने छेडल्यावर रेंगाळणाऱ्या नादासाठी. पण पोलादी तारेचा तो रेंगाळणारा नाद थापेच्या वेगवान लयीत एकमेकांत मिसळतो, शिवाय तासभर थाप वाजवल्यावर उजव्या हाताच्या बोटांना फोड येतात. त्यानंतर नायलॉनचे आवरण असलेला एक स्वस्त संच आणला. थापेला तो उत्तम होता, परंतु गुळगुळीत आवरणावर राळ टिकेना आणि गज नुसताच घसरत राहिला. दोन रविवार लाज गेल्यावर तो काढून ठेवला.

तातेचा, म्हणजे जनावरांच्या आतड्यापासून केलेल्या तारेचा, प्रयोग मात्र सविस्तर सांगण्यासारखा आहे. थापेची पद्धत रुजली त्या काळी बासवर तातच असे. पिंजाऱ्याच्या धनुकलीवरची तात ज्यांनी लहानपणी ऐकली आहे त्यांना तिचा तो कोरडा, ठणकणारा आवाज वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. पोलादी तारा आल्यानंतरही अनेक वादक खालच्या ई आणि ए तारा पोलादी आणि वरच्या डी आणि जी तारा तातेच्या ठेवत असत. एव्हा पिराझ्झीच्या आधी मीही तसेच केले. गजाखाली जी तारेतून माणसाच्या गळ्यासारखा स्वर निघू लागला आणि थापेचा कडाका तर असा की ड्रमवाल्याने मागे वळून पाहिले. पण तात ओलावा शोषते. फेब्रुवारीत तिचे काही बिघडले नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खानापूर-जांबोटीच्या बाजूने पाऊस शहरात आला आणि नंतर प्रत्येक गाण्यामागे सूर लावण्याची पाळी आली. चोर्ला घाटात धुक्यातून दोन तास गाडीत पडलेल्या वाद्यावरची तात वातानुकूलित खोलीत शिरताच पुन्हा हलायची. गोकाक-सौंदत्तीसारख्या कोरड्या भागात राहणाऱ्याने हा मिश्र संच अवश्य करून पाहावा. सह्याद्रीच्या कुशीतल्या माणसाला तो पावसाळाभर पेलणारा नाही.

त्या प्रयोगात एक चूक माझ्या हातून झाली. तात जाड असल्यामुळे मेरूवरच्या, म्हणजे पट्टीच्या वरच्या टोकाशी तारा ज्यावर टेकतात त्या आडव्या तुकड्यावरच्या, दोन खाचा मी स्वतःच कानशीने रुंद केल्या. पुढे कृत्रिम गाभ्याच्या, तातेपेक्षा बारीक तारा आणल्यावर त्या रुंद खाचांत लटपटू लागल्या. शेवटी मिरजेला जाऊन तंबोरे बनवणाऱ्या एका कारागिराकडून शिसवी लाकडाचा नवा मेरू करून घेतला. डबल बास त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच हाताळला होता, पण तार खाचेत अडकता कामा नये आणि हलताही कामा नये हे त्यांना सांगण्याची गरज पडली नाही.

एव्हा पिराझ्झी मागवण्याआधी आणखी एक उद्योग केला, जो कोणालाही फुकटात करता येईल. तार अर्धा स्वर उतरवली की तिचा ताण सुमारे 11 टक्क्यांनी घटतो. जुन्या पोलादी तारा परत चढवून मी त्या आठवडाभर अर्ध्या स्वराने उतरवून वाजवल्या. थाप सोपी झाली, गजाखालचा स्वर मात्र थोडा उशिरा उमटू लागला. परंतु तो उशीर चर्चच्या संथ चालींत खपण्याइतका होता. कमी ताणाचा संच आपल्याला मानवेल की नाही हे कळायला एवढे पुरेसे झाले. चांगल्या संचाची किंमत आयात शुल्कासह 20 हजारांच्या पुढे जाते आणि बेळगावात अशा तारा दुकानात पाहायलाही मिळत नाहीत, तेव्हा अंदाजाने पैसे टाकण्यापेक्षा हा आठवडा घालवलेला बरा.

एव्हा पिराझ्झीच्या तारांचा गाभा कृत्रिम धाग्यांचा आणि वरचा वेढा क्रोम-पोलादाचा आहे. कृत्रिम गाभा सुरुवातीला ताणत राहतो, म्हणून पहिले आठ-दहा दिवस सकाळ-संध्याकाळ सूर लावत राहावे लागले. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी असा संच कधीही चढवू नये. पंधरा दिवसांनंतर मात्र तार स्थिर झाली आणि जुलैच्या मुसळधार पावसातही तातेसारखी चाळवली नाही. गजाला डी आणि जी तारा पहिल्या दिवसापासून वश झाल्या. ई तारेवर स्वर लगेच उमटण्यासाठी गज घोडीच्या (वाद्याच्या पोटावर उभ्या, तारा पेलणाऱ्या लाकडी तुकड्याच्या) थोडा जवळ आणि अधिक संथ ओढावा लागतो. ही सवय लागायला मला महिना लागला, आणि त्यात तारेपेक्षा माझ्या हाताचा दोष अधिक होता असे आता वाटते. थापेच्या बाबतीत बोटांचे फोड थांबले, तीन तास वाजवूनही मनगट दुखत नाही आणि नाद वेळेवर मिटत असल्यामुळे बोल स्पष्ट पडतात. कडाका तातेइतका नाही. ज्याला केवळ थापच वाजवायची आहे त्याने तात किंवा नायलॉनच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तारांइतकाच फरक घोडीच्या उंचीने पडतो. माझ्या घोडीच्या दोन्ही पायांत उंची कमी-जास्त करणारी चाके बसवलेली आहेत. गोव्याला निघताना मी ती थोडी खाली फिरवतो आणि रविवारी पहाटे पुन्हा वर घेतो. दोन्ही चाके सारखीच फिरवावी लागतात, आणि फिरवताना घोडी पुढे झुकत नाही ना याकडे डोळा ठेवावा लागतो. ही चाके नसतील तर गजाला लागेल तेवढी उंची कायम ठेवावी आणि थापेसाठी बोटांना कष्ट द्यावेत. उलट केले तर चर्चमध्ये प्रत्येक जोरकस स्वराला तार पट्टीवर खरखरते.

राळेचा प्रश्न मला आधी सुचलाही नव्हता. थाप पट्टीच्या टोकाजवळ पडते आणि गज पट्टी व घोडी यांच्या मधल्या जागेत चालतो, त्यामुळे दोन्ही जागा वेगळ्या राहायला हव्यात. प्रत्यक्षात शनिवारी घामेजलेला तळहात खाली सरकतो, गजाच्या जागेवर तेलकटपणा लागतो आणि रविवारी नेमक्या तिथेच गज घसरतो. उलट बाजूने राळेची पूड पट्टीकडे उडून थापेच्या वेळी तळहाताला चिकटते. आता वादन संपताच दोन वेगळ्या कोरड्या सुती फडक्यांनी तारा पुसतो, एक थापेच्या जागेसाठी आणि एक गजाच्या जागेसाठी. स्पिरिट वापरण्याचा सल्ला काही जण देतात. त्याचा एक थेंब वाद्यावर सांडला तरी व्हार्निश जाते, म्हणून मी तो टाळला. पावसाळ्यात हे पुसणे चुकले की पोलादी वेढ्यावर गंजाचे बारीक ठिपके दिसू लागतात, मग तार कोणत्याही कंपनीची असो.

नऊ महिन्यांनंतर ई, ए आणि डी तारा अजून ताज्या वाटतात. थाप सर्वाधिक ज्या जी तारेवर पडते तिचा वेढा पट्टीच्या टोकाजवळ किंचित चपटा झाला आहे, तिथे बोट फिरवले की जाणवते, गजाला मात्र अद्याप कळत नाही. नाताळच्या आठवड्यात गायनवृंदाचे कार्यक्रम रोज असतात, म्हणून जी तारेची एक सुटी तार मागवून ठेवली आहे आणि ती डिसेंबर उजाडण्याच्या तीन आठवडे आधी चढवणार आहे.