कर्ली खाडीतली पक्षी-बोट: पैसे वसूल, पण मे महिन्यात जाऊ नका

चार स्टार देतोय. एक का कापला ते पुढे येईलच, पण आधी हे सांगायलाच पाहिजे की ह्या फेरीला पडलेले एक-एक स्टारवाले रिव्ह्यू बघा, जवळपास सगळे एप्रिल-मेचे आहेत, शाळांना सुट्टी लागली की येणारी मंडळी, "ऑस्प्रे दाखवतो म्हणाले आणि घारी दाखवून परत आणलं". (ऑस्प्रे म्हणजे मासे पकडून खाणारा मोठा शिकारी पक्षी.) अहो मे महिन्यात कुठून आणणार तो बोटवाला ऑस्प्रे? तेव्हा तो हजारो किलोमीटर उत्तरेला, रशियाच्या बाजूला कुठल्यातरी तळ्याकाठी काटक्यांच्या घरट्यात संसार करत असतो. दोन-तीन अंडी, सव्वा महिना उबवणं, त्यापुढे पिल्लं उडायला अजून पन्नास-एक दिवस. आपल्याकडे येतो तो थंडी काढायला, ऑक्टोबरच्या आसपास दिसायला लागतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत निघून जातो. एखादं तरुण पाखरू उन्हाळ्यातही इथेच रेंगाळतं कारण त्याचं विणीचं वय झालेलं नसतं, मग परत जायची घाई कशाला, पण ते दिसणं म्हणजे नशिबाचा भाग, त्यावर स्टार कापणं बरोबर नाही.

आम्ही गेलो जानेवारीत. मालवणजवळच्या देवबागच्या बाजूने बोट सुटते, माणशी ७०० रुपये, दोन-अडीच तास, आणि डॉल्फिनवाल्या बोटींसारखा गाण्यांचा धिंगाणा नाही हे पहिलं सुख. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, पन्नाशीचा, बोलतो कमी. जाळ्यासाठी पाण्यात ठोकलेले खुंट आहेत त्यांच्यापासून बऱ्याच लांबवर त्याने इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "सुकती लागली काय थंयच येऊन बसतलो, बघा." सुकती म्हणजे ओहोटी. आणि ऑस्प्रे खरंच आला की! वरून तपकिरी, खालून पांढरा, डोळ्यावरून मागे गेलेला काळा पट्टा, आणि उडताना लांब पंख मनगटात मोडल्यासारखे. हे एवढं लक्षात ठेवलं की घारीशी गल्लत होत नाही.

मग जे झालं त्याचेच खरे ७०० रुपये. तो पाण्यावर एका जागी पंख मारत थांबला, थोडा खाली आला, परत थांबला, आणि एकदम पाय पुढे काढून धपकन पाण्यात. चोच नाही, पाय आधी! पार पंखांपर्यंत बुडाला, दोन क्षण नुसताच तरंगत राहिला आणि मग जोर लावून उठला तर पंजात चांगली हातभर बोय. वर गेल्यावर भिजलेल्या कुत्र्यासारखं हवेतच अंग झाडलं, आणि मासा फिरवून डोकं पुढे करून धरला म्हणजे वारा कमी लागतो. तळपायाला काट्यांसारखे खरखरीत खवले असतात आणि बाहेरचं बोट मागे वळतं, दोन बोटं पुढे दोन मागे, त्यामुळे बोयसारखा बुळबुळीत मासा पण सुटत नाही. खातो जवळपास फक्त मासेच, म्हणून तर तिकडे तळी गोठायला लागली की ह्याला दक्षिणेकडे यावंच लागतं.

खुंटावर बसून डोक्याकडून खायला सुरुवात करतोय तोच पलीकडच्या सुरूंच्या बाजूने समुद्री गरुड आला. हा इथलाच रहिवासी, बारा महिने कोकण किनाऱ्यावर, उंच झाडावर घरटं करतो आणि तेच वर्षानुवर्षं डागडुजी करून वापरतो. आकाराने ऑस्प्रेपेक्षा चांगलाच मोठा, शेपूट पाचरीसारखी. सरळ अंगावर गेला, ऑस्प्रे अर्धा मासा घेऊन उडाला, दोघांची खाडीवर दोन-तीन चकरा पळापळ आणि शेवटी मासा पडला पाण्यात, मिळाला कोणालाच नाही, भगव्या (ब्राह्मणी) घारी लगेच जमा. आमच्यातल्या मोठ्या लेन्सवाल्या एका काकांना आता गरुडाच्या घरट्याजवळ जायचं होतं, वर पैसे देतो म्हणाले. तांडेलाने सरळ नाही सांगितलं, पिल्लू आहे आत म्हणे. ह्यासाठी एक स्टार जास्तीचा द्यायची सोय हवी होती.

आता तक्रार. बोटीत एक लॅमिनेट केलेलं माहितीपत्रक फिरवतात, त्यात स्कॉटलंडच्या लॉक गार्टन तळ्याची गोष्ट, १९५४ साली ऑस्प्रे तिथे परत आले वगैरे. गोष्ट खरी आहे, ब्रिटनमधून ते शिकारीने आणि अंडी चोरणाऱ्यांमुळे संपलेच होते. पण खाली लिहिलंय की "हेच पक्षी हिवाळ्यात आपल्या खाडीत येतात", ते साफ चूक. स्कॉटलंडचे जातात पश्चिम आफ्रिकेत, सेनेगल-गांबियाकडे, मालवणला कशाला येतील! त्यापेक्षा आमूर ससाण्याबद्दल दोन ओळी टाका ना, एवढासा पक्षी नागालँडला थांबून नोव्हेंबरात भारत आडवा कापतो आणि अरबी समुद्र न थांबता ओलांडून आफ्रिका गाठतो, २०१३ मध्ये तीन पक्ष्यांना सॅटेलाइट टॅग लावून हे सगळ्यांनी बघितलंय. ब्राह्मणी घारीच्या फोटोखाली "ईगल" लिहिलंय ते पण बदला.

आणि मुख्य म्हणजे बुकिंग. फोनवरचा मुलगा सगळ्यांना सकाळी सातचीच वेळ देतो, भरती असो की ओहोटी. आमच्या दिवशी सुकती बरोबर त्या वेळेला होती म्हणून जमलं, आदल्या दिवशीचा ग्रुप भरतीत फिरून बगळे बघून आला. तेव्हा जाणार असाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि वेळ तांडेलाशीच बोलून ठरवा, फोनवरच्याला विचारू नका. दुर्बीण स्वतःची न्या, त्यांच्याकडे एकच आहे आणि तिचं डावं भिंग धुरकट झालंय.