कन्सोलवरच्या एका संदेशाने १५,६४० रुपये नेले

ज्याच्याबरोबर मी अनेक वर्षे खेळत आलो आहे, त्या मित्राच्या खात्यावरून कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रावर, संदेश आला की, या दुव्यावर जाऊन स्पर्धेत आमच्या संघाला मत दे. असे दुवे फसवे असतात हे मला ठाऊक होते. पण संदेश ईमेलवर नव्हे, कन्सोलच्या आत, त्याच्याच नावाने आणि चित्रासह आला होता. त्याचे खाते आधीच चोरांच्या ताब्यात होते.

दुव्यावर लॉगिनचे हुबेहूब पान उघडले. संशय यायला हवा होता तो इथेच! मी लॉगिन करूनच बसलो असताना त्याच कन्सोलला माझा पासवर्ड पुन्हा कशाला हवा होता? परंतु कन्सोलचा ब्राउझर संकेतस्थळाचा पत्ता जेमतेम दाखवतो आणि कंट्रोलरने एकेक अक्षर निवडताना कोणाचेही लक्ष पत्त्याकडे जात नाही. पाठोपाठ मोबाइलवर आलेला सहा आकडी कोडही मी तिथेच भरला. तो कोड खराच होता, कारण त्याच वेळी चोर खऱ्या संकेतस्थळावर माझा पासवर्ड टाकत होता. तेव्हा दुहेरी पडताळणी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पासकीची, म्हणजे पासवर्डऐवजी आपल्याच मोबाइलच्या किंवा संगणकाच्या कुलपाने (बोटाचा ठसा, चेहरा वा पिन) लॉगिन करण्याची सोय असेल तर ती घ्या, कारण बनावट पत्त्यावर ती चालत नाही.

साठवून ठेवलेल्या कार्डावरून त्याने ४,००० रुपये तीनदा आणि २,५०० रुपये एकदा वॉलेटमध्ये भरले आणि आधीच्या शिल्लक १,१४० रुपयांसह सगळे उडवले. प्रत्येक खरेदीपूर्वी पासवर्ड मागण्याची सोय सेटिंगमध्ये असते, पण माझ्या कन्सोलवर ती मुळातच बंद होती. ती आजच सुरू करा आणि कार्ड काढून टाका.

यानंतरचा मनस्ताप पैशांपेक्षा मोठा आहे. कंपनीच्या चॅटवर आधी यंत्राने आणि मग माणसाने तेच ठरावीक उत्तर दिले: व्यवहार योग्य पासवर्डने झाला आहे, परतावा नाही. बँक म्हणाली, कंपनीकडे जा. बँकेमार्फत रक्कम परत मागितल्यास खाते बंद होऊ शकते, अशी कंपनीची तंबी. म्हणजे वर्षानुवर्षे विकत घेतलेले सगळे गेमही जाणार! पोलिसांनी तर ‘खेळात हरलात का?’ असे विचारून तक्रार बाजूला सारली. २०११ मध्ये प्लेस्टेशन नेटवर्क या सोनीच्या कन्सोलसाठीच्या ऑनलाइन सेवेवरील सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती चोरीला गेली होती. एवढे होऊनही कन्सोलला खेळणे समजणाऱ्यांना काय म्हणावे?

खाते माझेच आहे हे सिद्ध करण्यासाठी कंपनीने कन्सोलचा अनुक्रमांक आणि पहिल्या खरेदीची पावती मागितली. पावती त्याच खात्यात होती आणि खात्याचा ईमेल चोराने बदलला होता. अनुक्रमांक आणि पावतीचा तपशील, या दोन्ही गोष्टी आधीच कागदावर लिहून ठेवा.